चतकोर मंडळाचं नाक

"मग धूर कुठून आला?" उस्तादांनी विचारलं.

अच्युतरावांनी भट्टीकडे बघितलं.

"भट्टीत लाकूड नव्हतं. गॅस होता. बरोबर?"

"बरोबर."

"आणि तुम्ही म्हणालात, बाभळीचा धूर आहे."

"म्हणालो."

"...मग आला कुठून?"

"आठवणीतून आला असेल," अच्युतराव म्हणाले.

उस्तादांनी मान हलवली. दुपारचे तीन वाजले होते. दस्तगीर उस्तादांची बेकरी कॅम्पातल्या एका अरुंद गल्लीत आहे. उस्तादांचं वय ऐंशीच्या पुढे. धंदा आता त्यांचा मुलगा लतीफ बघतो. उस्ताद भट्टीजवळ लाकडी खोक्यावर बसतात आणि कुणी विचारल्याशिवाय बोलत नाहीत. कुणी विचारत नाही.

अच्युतराव स्टुलावर बसले होते. मी उभा होतो. दुसरं स्टूल नव्हतं.

"हे कोण?" उस्तादांनी माझ्याकडे बोट केलं.

"बेहेरे. आमच्या मंडळाची वही ठेवतात."

"कसलं मंडळ?"

अच्युतरावांनी सांगितलं. एरवी ते हे सांगताना ताठ होतात. त्या दिवशी वाकलेलेच राहिले.

आम्ही आठ जण. मंडळाचं नाव चतकोर. दर पंधरवड्याच्या रविवारी पुण्यातल्या एका पिझ्झेरियात जायचं, दोन पिझ्झे मागवायचे, प्रत्येकाचे चार भाग करायचे. माणशी एक चतकोर. त्याहून जास्त खाल्लं तर ती भूक होते, परीक्षा राहत नाही, असं अच्युतरावांचं मत. मंडळात मत एकच असतं.

पहिला घास अच्युतरावांचा. ते चतकोराची फुगलेली कड मोडायचे, नाकाशी धरायचे आणि डोळे मिटायचे. बाकीचे सात जण आपापला तुकडा हातात धरून थांबायचे. चीज थिजून जायचं. मग अच्युतराव डोळे उघडायचे आणि बोलायचे. मी लिहायचो. त्यानंतर सगळे खायचे, आणि सगळ्यांना तेच लागायचं. सहा वर्षांत कुणाला काही वेगळं लागल्याची नोंद नाही. नोंदी मीच ठेवतो.

अच्युतराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. कॉलेज सुटलं, शास्त्र राहिलं. आम्हाला पीठ किती तास आंबलंय ते वासावरून सांगायचे. टोमॅटो डब्यातला की ताजा, तेलाची बाटली कोणत्या महिन्यात फोडली, सगळं. माणूस गर्विष्ठ, पण गर्वाला आधार होता. अलीकडे तो आधार काढून घेतला गेला होता आणि गर्व तसाच उभा होता. ही फार वाईट अवस्था.

"आणि त्या बाईंनी तुम्हाला कधी सांगितलं?" उस्तादांनी विचारलं.

"हात धुताना."

परवाच्या रविवारची गोष्ट. कमल ससाणे नावाच्या बाई आपल्या बंगल्याच्या गॅरेजमध्ये पिझ्झे करतात. लाकडाच्या भट्टीसाठी त्यांचं नाव आहे. अच्युतरावांनी कड मोडली, डोळे मिटले आणि म्हणाले, "बाभूळ. वर्षभर वाळलेली."

दाताचे डॉक्टर रेगे म्हणाले, "वर्षाहून जास्तच असेल."

लिमयेबाई म्हणाल्या, "मागे एक गोडसर धूर राहतो बघा. तो बाभळीचाच."

साडेनऊ गुण. मी लिहिले.

नंतर बेसिनपाशी अच्युतराव आणि मी हात धुत होतो. ससाणेबाई नॅपकीन घेऊन आल्या. म्हणाल्या, "सर, एक सांगायचं राहिलं. चिमणीत कबुतरांनी घरटं केलंय. पिल्लं उडेपर्यंत भट्टी पेटवत नाही मी. आजचे गॅसच्या ओव्हनमधले होते. चालले ना?"

"चालले," अच्युतराव म्हणाले.

आणि हात पुसत राहिले. हात कोरडे झाल्यावरही पुसत राहिले.

परतताना रिक्षात त्यांनी मला सांगितलं. गणपतीत ताप आला होता. ताप चार दिवसांनी गेला, जाताना वास घेऊन गेला. पाच महिने झाले. तेवढ्यात नऊ पिझ्झेरिया झाले होते. नऊ ठिकाणी त्यांनी डोळे मिटले होते.

"डॉक्टर काय म्हणतात?" उस्तादांनी विचारलं.

"येईल म्हणतात. किंवा येणार नाही."

"एवढं मीसुद्धा सांगितलं असतं."

अच्युतराव हसले नाहीत.

"जिभेला काय कळतं?"

"खारट, गोड, आंबट. बाकी पुठ्ठा. मऊ पुठ्ठा, कडक पुठ्ठा."

"घरी कोण?"

"कुणी नाही. परवा दूध करपलं. वरच्या मजल्यावरचे लोक खाली आले तेव्हा कळलं."

उस्ताद भट्टीकडे वळले. भट्टीच्या तोंडावर लोखंडी झाकण होतं. त्याच्या कडेने लाल रेघ दिसत होती.

"मंडळाला सांगितलंत?"

"नाही."

"का?"

अच्युतरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"उस्ताद, माझ्याकडे तो एकच दिवस आहे. बाकी सगळे सोमवार. रविवारी सात माणसं माझ्या तोंडाकडे बघत थांबतात. मी नुसता बसलेला म्हातारा असतो तर कोण थांबलं असतं? ...सांगितलं तर मी कोण उरतो?"

"चतकोर खाणारा."

"तेच."

बाहेर कुणीतरी खारी मागितली. लतीफ आतूनच "आहे" म्हणाला आणि जागचा हलला नाही.

"माझ्याकडे कशाला आलात?" उस्तादांनी विचारलं.

"येत्या रविवारी निकाल आहे. जादा रविवार घेतलाय त्यासाठी. शहरातला उत्तम पिझ्झा. छोटं सभागृह घेतलंय. फ्रेम करून प्रशस्तिपत्र द्यायचंय. त्याआधी पहिल्या दोघांचे तुकडे पुन्हा चाखायचे, सगळ्यांसमोर. मी."

"मग?"

"तुम्ही मला नाक शिकवलंत. आता नाकाशिवाय कसं ओळखायचं ते शिकवा. रविवारपुरतं. काहीतरी युक्ती असेलच. कड दाबून बघायची, खालचे डाग बघायचे, आवाज ऐकायचा..."

"आणि रविवारनंतर?"

"सांगेन त्यांना."

"काय सांगाल?"

"...की आता थकलो."

उस्तादांनी पाय बदलला. गुडघा वाजला.

"यांच्याशिवाय कुणाला कळलंय?" पुन्हा माझ्याकडे बोट.

"कुणाला नाही."

"ज्यांना तुम्ही कमी गुण दिले, त्यांना?"

अच्युतरावांनी खाली बघितलं. मग सांगितलं, कारण आता न सांगण्यात काही राहिलं नव्हतं.

"औंधकडे फाळके म्हणून एक आहेत. बँकेतली नोकरी सोडून पिझ्झे करायला लागले. मी त्यांची कड नाकाशी धरली, काहीच आलं नाही. तेव्हा ताप जाऊन आठवडाच झाला होता. माझं नाक गेलंय हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं, पीठच मेलंय. तसं म्हणालो. मेलेलं पीठ आहे."

"फाळके काय म्हणाले?"

"आतून आले. त्यांनी स्वतः कड मोडून हुंगली."

"आणि?"

"म्हणाले, आता तुम्ही म्हणताय तर वाटतंय खरं."

"...हं."

"नंतर त्यांनी पीठ बदललं. आधीचं आंबवण, म्हणजे पिठाला लावायचं विरजण, सात वर्षांचं होतं. रोज जपलेलं. ते टाकून दिलं."

हे मला नवीन होतं. वहीत फक्त चार गुण होते. 'मेलेलं' हा शब्द मी अवतरणचिन्हांत लिहिला होता, कारण तो मला तेव्हा आवडला होता.

उस्ताद बराच वेळ झाकणाच्या लाल रेघेकडे बघत बसले.

"अच्युतराव, तुम्ही माझ्याकडे यायला लागलात त्याला किती वर्षं झाली?"

"तीस."

"रोज पहाटे यायचात."

"सात महिने. एक दिवस चुकलो नाही." अच्युतरावांच्या आवाजात थोडा जीव आला. "तुम्ही लादीतला पाव मोडून माझ्या नाकाखाली धरायचात. म्हणायचात, काय येतंय? मी सांगायचो. कच्चं पीठ. किंवा भाजलेल्या शेंगदाण्यासारखं. किंवा साखर जळायला लागलीय. तुम्ही कधी बरोबर म्हणाला नाहीत, कधी चूक म्हणाला नाहीत. नुसती मान हलवायचात आणि भट्टीकडे वळायचात. मी त्यावर लेख लिहिला होता."

"लतीफनं वाचून दाखवला होता. काय नाव होतं?"

"'गुरूचं मौन'."

"छान होता." उस्ताद म्हणाले. "पण ते मौन नव्हतं, साहेब. मला काही कळत नव्हतं, म्हणून मी बोलत नव्हतो."

अच्युतराव त्यांच्याकडे बघत राहिले.

"चिमणी साफ करताना पडलो होतो. डोकं आपटलं. हॉस्पिटलातून उठून आलो तर वास नाही. तुम्ही यायच्या दोन वर्षं आधीची गोष्ट."

"आधीची?"

"आधीची."

"म्हणजे तेव्हा तुम्हाला..."

"काही येत नव्हतं. आजही येत नाही."

लतीफ ट्रे लावत होता. त्याने मान वर केली नाही. घरातली जुनी गोष्ट असावी.

"पहिलं वर्ष माझी बायको होती," उस्ताद म्हणाले. "ती या दारात उभी राहायची. म्हणायची, झालं. मी लादी काढायचो. म्हणायची, थांबा जरा. मी थांबायचो. मग ती गेली. गिऱ्हाइकांना विचारून बघितलं. ते म्हणायचे, मस्त. कच्चं असलं तरी मस्त, जळलं तरी मस्त. मग एक दिवस तुम्ही आलात. प्राध्यापक. म्हणालात, मला वास घ्यायला शिकवा. मी म्हटलं, बसा."

"आणि मला विचारायचात, काय येतंय."

"मला कळायला नको का?"

...

"सात महिन्यांत एक लादी करपली नाही," उस्ताद म्हणाले. "तुमचे उपकार आहेत. पुढे लतीफ हाताशी आला."

अच्युतरावांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा राग दिसला. पण तो कुणावर काढायचा ते ठरत नव्हतं. तीस वर्षं ज्या गुरूचं नाव घेऊन त्यांनी आम्हाला गप्प केलं, तो गुरू रोज त्यांच्याचकडून शिकून भट्टीकडे वळत होता.

"का सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर थांबला असता?"

अच्युतराव विचार करत राहिले. खोटं बोलायची सवय त्यांना पाच महिन्यांचीच होती, अजून अंगवळणी पडली नव्हती.

"नसतो थांबलो."

"मग मी कुणाला विचारलं असतं?"

रस्त्यावरून एक हातगाडी गेली.

आणि मग अच्युतराव सरळ झाले. मला त्यांचं ते सरळ होणं माहीत आहे. कड नाकाशी धरण्याआधी ते तसेच व्हायचे.

"म्हणजे जमतं," ते म्हणाले.

"काय?"

"नाकाशिवाय. तुम्ही इतकी वर्षं बेकरी चालवलीत. शहरातला सगळ्यात चांगला पाव म्हणून लोक इथं येतात. कुणाला कळलं नाही. मला कळलं नाही, आणि माझं नाक तेव्हा..." ते थांबले. "तुम्हाला जमलं तर मलाही जमेल. मला फक्त रीत सांगा."

उस्तादांनी त्यांच्याकडे पाहिलं. वाईट वाटल्यासारखं पाहिलं. मग लतीफला म्हणाले, "काढ रे."

लतीफने झाकण बाजूला केलं. लांब दांड्याची फळी आत घातली आणि एक लादी बाहेर ओढली. वरून तपकिरी, बाजूनं पांढरी. ती त्याने उस्तादांसमोरच्या फळकुटावर ठेवली.

उस्तादांनी कडेचा एक पाव सोडवला. हाताला चटका बसला असणार, पण तसं काही दिसलं नाही. त्यांनी पाव मधोमध मोडला. वाफ निघाली.

अच्युतराव सवयीनं पुढे झुकले.

उस्तादांनी पाव माझ्या नाकाखाली धरला.

"काय येतंय?"

मी मंडळात सहा वर्षं आहे. शंभराहून जास्त पिझ्झेरियांची वही माझ्या हातची आहे. माझं नाक शाबूत आहे, मला कधी ताप आला नाही.

मी अच्युतरावांकडे पाहिलं.

"तिकडे काय बघता?" उस्ताद म्हणाले. "पाव इथं आहे."

"चांगला आहे," मी म्हणालो.

"चांगला हा वास नाही."

"ताजा."

"तो दिसतोच आहे. मी आंधळा नाही. मला फक्त वास येत नाही. काय येतंय ते सांगा."

मी पुन्हा हुंगला. वास येत होता. भरपूर येत होता. पण तो नुसताच येऊन थांबत होता, त्याला नाव नव्हतं. कुणीतरी नाव घेईल आणि मी मान डोलवीन, याची मी वाट बघत होतो. हे मला तिथं उभं असताना कळलं. साठी उलटल्यावर कळायची ही गोष्ट नाही.

"बेहेरे," अच्युतराव हळू म्हणाले, "तुम्हालाही येत नाही?"

"येतो."

"मग सांगा ना."

मी तिसऱ्यांदा हुंगला.

"कच्चं पीठ आहे? शेंगदाणे आहेत? काही?"

"तुम्ही म्हणाल ते," मी म्हणालो.

मला हे बोलायचं नव्हतं. सहा वर्षांत ते इतक्या वेळा बोलून झालं होतं की आपोआप आलं.

अच्युतरावांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, चेहरा नीट वाचावा तसं पाहिलं. मला वाटतं, ते एकेक जण आठवत होते. रेगे, ज्यांना बाभूळ वर्षाहून जास्त वाळलेली लागली होती. लिमयेबाई आणि त्यांचा गोडसर धूर. त्या दिवशी त्या गॅरेजमध्ये आठ जण जेवले होते आणि एकालाही गॅस कळला नव्हता. फाळक्यांच्या कडेला वास येतोय, असं एकही जण म्हणाला नव्हता. फाळकेसुद्धा नाहीत.

उस्तादांच्या हातातला पाव निवत चालला होता. वाफ कमी झाली, मग दिसेनाशी झाली. लतीफ दुसरी लादी काढायला उभा होता. तो बापाकडे बघत होता. उस्ताद त्याला काही म्हणत नव्हते.

"झालं का?" लतीफने मला विचारलं.

मला आधी वाटलं, वास घेऊन झाला का असं विचारतोय. मग कळलं, तो आतल्या लादीबद्दल विचारत होता.

मी पुन्हा अच्युतरावांकडे पाहिलं. लतीफने स्वतःच वाकून हुंगून बघितलं आणि लादी काढली. ती एका कोपऱ्यात काळी झाली होती.

अच्युतराव उठले. स्टूल मागे सरकलं. ते भिंतीला हात लावून उभे राहिले. भिंत गरम असावी, पण त्यांनी हात काढला नाही.

"सांगतो मी," ते म्हणाले. "रविवारी. सगळ्यांसमोर. ससाणेबाईंचा गॅस, फाळक्यांचं पीठ, सगळं. त्या फ्रेमचं काय करायचं ते करोत."

उस्तादांनी मान हलवली. तीच मान. बरोबर की चूक, काही कळू न देणारी.

"पण मंडळ राहणार नाही," अच्युतराव म्हणाले. "माझं सोडा. मी घरी बसेन. पण ते सात जण माझ्या नाकावर सहा वर्षं चाललेत, उस्ताद. ते काय करतील? त्यांच्याकडे दुसरं नाक नाही."

उस्तादांनी मोडलेला पाव माझ्या हातात ठेवला. मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, सावकाश मान वर केली.

"एक नाक हरवलं म्हणून माझ्याकडे आलात, अच्युतराव... बाकीची सात कुठं ठेवलीत?"